आमची वाटचाल : शाळेचं पटांगण, डिजरीडू आणि ओला पाला

मेलबर्नमध्ये साउंड सिस्टीम भाड्याने देणं हा आमचा मूळ धंदा. शाळांकडून ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या, कार्यक्रमांची मागणी वाढली, तसं बरंचसं काम तिकडे वळलं. सोहळा आणि गाणं त्या समाजातले लोक करतात. आमच्याकडे ध्वनी, जुळवाजुळव आणि कागदपत्रं.

शाळेचा फोन आला की आधी पत्ता विचारतो. 1 जुलै 2021 पासून वुरुंजेरी आणि बुनुरोंग या दोन मूळ समाजांच्या भूमींमधली नोंदणीकृत सीमा शहराच्या मधोमध जाते. 'वेलकम टू कंट्री' हा स्वागतविधी त्या भूमीच्या मूळ मालकांनीच करायचा. बाहेरचा कलाकार कितीही नावाजलेला असला तरी चालत नाही. 'ॲक्नॉलेजमेंट', म्हणजे त्या मूळ मालकांचा आदराने केलेला उल्लेख, मात्र कुणीही म्हणावा, मंडळाच्या गणेशोत्सवातसुद्धा.

बहुतेकांना डिजरीडू, म्हणजे फुंकून वाजवायचं लांब लाकडी वाद्य, हवंच असतं. पण ते उत्तर ऑस्ट्रेलियातलं, आर्नहेम लँडकडचं. इथल्या परंपरेत टाळकाठ्या होत्या आणि बायका पॉसम या केसाळ प्राण्याचं कातडं गुंडाळून किंवा मांड्यांवर ताणून ताल धरायच्या. पॉसम इथे संरक्षित असल्याने आता कातडी न्यूझीलंडहून येतात; तिथे तो उपद्रवी ठरलाय. डिजरीडू ठेवलंच, तर ते कुठलं हे मुलांना सांगायचं, असा आमचा आग्रह असतो. मुलींनी ते वाजवावं का, यावर समाजागणिक मतं वेगळी. म्हणून कार्यशाळा ठरवण्याआधी वादकाला विचारायचं.

वाळवीने पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचं हे वाद्य, तोंडाला मेणाची कड. एसीच्या कोरड्या हवेत किंवा बंद गाडीच्या उन्हात त्याला चीर जाते, हवा निसटते आणि सूर बसतो. मूळ स्वर साधारण 60 ते 90 हर्ट्झचा. शाळेच्या छोट्या स्पीकरमधून तो येतच नाही, नुसती फुरफुर ऐकू येते. सबवूफर लागतोच. माइक खालच्या टोकापासून वीतभर लांब आणि किंचित तिरका ठेवावा, समोर धरला तर फुंकर आदळते. मिक्सरवरचा लो-कट (खालचे स्वर कापणारं बटण) बंद आहे ना, हे आधी बघावं. बहुतेक ठिकाणी घोटाळा तिथेच असतो.

स्वागतासोबत बऱ्याचदा पाल्याच्या धुराचा शुद्धीविधीही असतो; त्याला मॅना गम, चेरी बॅलार्ट आणि वॉटल या इथल्या झाडांचा हिरवा पाला लागतो. आधी सुक्या लाकडाचे निखारे, मग पाला. तो वाळका असेल तर भडकतो, पावसात भिजलेला असेल तर निखारे विझवतो. विधी उघड्यावरच, सभागृहात केला तर फायर अलार्म वाजून सगळी शाळा मैदानात येते. दम्याची मुलं वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवायची. 'टोटल फायर बॅन'च्या दिवशी परवान्याशिवाय आग लावता येत नाही, म्हणून उन्हाळ्यात पर्यायी तारीख हाताशी हवी.

27 मे ते 3 जूनचा रिकन्सिलिएशन वीक आणि जुलैतला नायडॉक वीक हे मूळ रहिवाशांशी जोडलेले देशभरचे सप्ताह; या काळात विधी करणारी त्या समाजातली ज्येष्ठ मंडळी मिळणं कठीण. काही महिने आधी विचारा, आणि 'विद्यार्थ्यांसाठी आहे, फुकट कराल का?' हे कृपया विचारू नका. मानधन ठरलेलंच असतं. चित्रीकरणाची परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि ती त्या एका कार्यक्रमापुरतीच.