फ्लेमिंगो नसतानाची नवी मुंबई

"ऑक्टोबरात कशाला येतोस? पाऊस नाही, थंडी नाही, नुसता घाम. फ्लेमिंगोसुद्धा नाहीत. जानेवारीत ये की," ताई फोनवर म्हणाली. पण रजा आत्ताच मिळत होती. शिवाय सीझनला गर्दीने कास पठाराचं काय होतं ते आम्हा सातारकरांना विचारा. एसटीने नेरुळ गाठलं.

घामाचं तिचं म्हणणं खरं निघालं. सकाळी आठलाच शर्ट पाठीला चिकटला.

फ्लेमिंगोही नव्हतेच. ठाणे खाडीत ते साधारण नोव्हेंबरपासून उतरायला लागतात. पण ओहोटीला दिवाळे गावच्या जेट्टीवर गेलो आणि चिखलातले निवटे बघत तासभर उभा राहिलो. बोटाएवढा मासा, डोळे थेट डोक्यावर. पुढच्या परांवर अंग रेटत चिखलावरून चालतो, दुसरा जवळ आला की पाठीवरचा पर ताठ करतो. भाऊजी गाडीत एसी लावून बसले होते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी गेलो, तर पाणी अजून उतरायचं होतं. ओहोटी रोज पाऊण-एक तास पुढे सरकते, हे डोंगरातल्या माणसाला कोण सांगणार!

येताना मांदेली घेतली. जून-जुलैची मासेमारी बंदी उठून दोन महिने झालेले, टोपल्या भरलेल्या. मी भाव करायला तोंड उघडलं, तर मावशी म्हणाल्या, "घाटावरचा दिसतोस. घे, चार जास्त टाकते."

ताईने रव्यात घोळवून कुरकुरीत तळली. ती चार जास्तीची भाऊजींनीच खाल्ली.