आडवी रेघ, शून्य उंचीचा चौकोन

तिरक्या रेघेवर ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलत जाणारा रंग, नीट दिसत होता. तीच रेघ अगदी आडवी केली आणि ती गायब! जाडी तीच, ८ पिक्सेल.

एसव्हीजीत (वेबवरच्या रेखाचित्रांच्या फॉरमॅटमध्ये) ग्रेडियंट मुळात बाउंडिंग बॉक्सच्या, म्हणजे आकृतीला घेरणाऱ्या चौकोनाच्या मापाने बसतो, आणि तो बॉक्स जाडी धरतच नाही. आडव्या रेघेची उंची शून्य, मग रंग लागणार कुठे? ग्रेडियंटयुनिट्स या गुणधर्माला युजरस्पेसऑनयूज (बॉक्सऐवजी चित्राचंच माप) दिलं की रेघ परत दिसते.

पण रेघ पुसून पुन्हा काढण्यासाठी तिच्याभोवतीचा चौकोन स्वतः मोजतानाही जाडी विसरली जाते, हे जास्त खटकतं. चारही बाजूंना निम्मी जाडी वाढवा, म्हणजे ४. टोकं चौकोनी असतील तर तिरक्या रेघेचा कोपरा ४ × १.४१४, जवळपास ५.७ पर्यंत जातो. अँटी-अलायझिंगसाठी (कडा मऊ दिसण्यासाठी) आणखी १. पूर्णांक करताना डावी-वरची बाजू लहान आकड्याकडे, उजवी-खालची मोठ्याकडे.

खरी गोची टोकदार सांध्याची. कोन जितका लहान, तितका मायटर, म्हणजे सांध्याचं बाहेर आलेलं टोक, लांब. ब्राउझरच्या कॅनव्हासची मायटर मर्यादा मुळात निम्म्या जाडीच्या १० पट, म्हणजे याच रेघेचं टोक ४० पिक्सेलपर्यंत बाहेर येऊ शकतं! तेवढं चौकोनाबाहेर राहिलं की रेघ सरकवल्यावर जुन्या टोकाचे तुकडे पडद्यावर तसेच उरतात.

तुम्ही प्रत्येक सांध्याचा कोन मोजता, की सरळ मर्यादेइतका चौकोन फुगवता?