विकत घेतलेला गेम नक्की कुणाचा?

परवा खूप दिवसांनी एक जुना गेम लावला, एकट्यानेच खेळायचा, ऑनलाइन कुणाशी भिडायचं नाही काही नाही, तरी मेनू यायच्या आधीच 'सर्व्हरशी कनेक्ट होत नाही' आणि खाली फक्त रीट्रायचं बटण. पाच-सहा वेळा दाबलं. पूर्ण पैसे मोजून घेतलाय हो हा गेम!

युबिसॉफ्ट कंपनीच्या 'द क्रू' या रेसिंग गेमचं तर बऱ्याच जणांना माहितीये. २०१४ ला आला, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद, आणि वर लोकांच्या अकाउंटवरून लायसन्सही, म्हणजे खेळायचा हक्कच, काढून घेतलं. त्यातूनच रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली आणि २०२५ मध्ये युरोपियन युनियनमधल्या त्यांच्या याचिकेवर १० लाखांच्या वर सह्या झाल्या. मागणी किती साधीये बघा, सर्व्हर कायम चालवा असं कुणी म्हणतच नाहीये, सर्व्हर बंद करताना गेम चालू राहील अशी सोय करून जा, एवढंच.

आणि गेम बनवणाऱ्यांचे हाल वेगळेच. २०२३ चा 'हाय-फाय रश' हा गेम लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतला, तरी मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो बनवणारा टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं (नंतर क्राफ्टन या कोरियन गेम कंपनीने स्टुडिओ घेतला, बरं झालं). चांगलं काम करूनही नोकरी जाणार असेल तर माणसाने करायचं तरी काय? मला याचाच जास्त राग येतो.

मी आता घ्यायच्या आधी एकच बघतो, नेट बंद केलं तर गेम चालतो का. नसेल चालत तर कितीही मोठा सेल असू दे, सोडून देतो.