पोटोचारीचा बॅटरी कारखाना

बोस्नियाची राजधानी सराजेव्होहून पूर्वेला निघालं की रस्ता डोंगर चढू लागतो. पाइनची जंगलं मागे पडतात, पाट्या सिरिलिक लिपीत दिसू लागतात आणि ब्रातुनात्स गाव ओलांडल्यावर स्रेब्रेनित्सा शहराजवळचं पोटोचारी येतं. रस्त्याच्या एका बाजूला कबरस्तान, समोर जुना बॅटरी कारखाना. संयुक्त राष्ट्रांच्या डच शांतिसैनिकांचा तळ इथेच होता.

बोस्नियातल्या युद्धात स्रेब्रेनित्सा हे ‘सुरक्षित क्षेत्र’ असल्याचं सुरक्षा परिषदेने एप्रिल 1993 मध्ये, ठराव 819 करून जाहीर केलं होतं. 11 जुलै 1995 ला बोस्नियन सर्ब सेनापती म्लादिचच्या सैन्याने ते घेतलं. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले. नंतर पुरावा लपवायला यंत्रांनी थडगी उकरून मृतदेह दुसरीकडे नेले. त्यामुळे एकाच माणसाची हाडं वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात आणि डीएनए जुळवून ओळख पटवावी लागते. पटली की 11 जुलैला दफन होतं, अजूनही.

कबरींच्या रांगांमधून चालताना मी जन्मसालं वाचत गेले. 1978, 1979... म्हणजे सोळा-सतरा वर्षांची पोरं. मृत्यूचं साल सगळीकडे एकच. एकेका आडनावाचे दगड शेजारी-शेजारी उभे. बाप, मुलगे, काका. मला पुढे जाववेना.

कारखान्याच्या भिंतींवर डच सैनिकांनी खरडलेलं तसंच जपून ठेवलंय. त्यातलं काही इतकं हिणकस आहे की संताप येतो. ज्यांच्या रक्षणाला आले, त्यांच्याबद्दल हे?

वंशसंहारविरोधी करार 1948 चा. त्याचं पहिलंच कलम सांगतं, नुसती शिक्षा नको, रोखायचंही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 2007 मध्ये यावर नेमकं बोट ठेवलं: गंभीर धोका आहे हे कळलं, किंवा कळायला हवं होतं, त्या क्षणापासून देशाची जबाबदारी सुरू होते. म्लादिचच्या सैन्याला पाठबळ देणाऱ्या शेजारच्या सर्बियाने वंशसंहार केल्याचं सिद्ध झालं नाही, पण तो रोखला नाही म्हणून त्याला दोषी धरलं. माझ्या मते हा निकाल शाळेत शिकवायला हवा. ‘आम्ही काही केलं नाही’ हा बचाव त्याने काढून घेतला.

तळाच्या आत आसरा घेतलेल्या 350 पुरुषांनाही डच सैनिकांनी बाहेर पाठवलं आणि ते मारले गेले. डच सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सरकारची भरपाईची जबाबदारी दहा टक्क्यांवर आणली, कारण आत राहिले असते तरी त्यांच्या वाचण्याची शक्यता तेवढीच होती. दहा टक्के मला पटत नाहीत. त्या हॉलमध्ये उभं राहिल्यावर तर अजिबातच नाहीत.