मक्याच्या राखणीसाठी झाडावरची बैठक

आमचे शेत कन्नड तालुक्यात, गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कडेला आहे. मक्याच्या कणसात दूध भरू लागले की ओढ्याच्या अंगाने रानडुकरे येतात आणि डोंगराच्या अंगाने रोही, म्हणजे नीलगायी, येतात. त्यानंतर काढणी होईपर्यंतचा महिना-सव्वा महिना घरातील एकाला रात्री शेतात राहावेच लागते. वडिलांच्या काळी शेताच्या मधोमध बाभळीच्या चार मेढी रोवून त्यांवर माळा बांधलेला असे आणि हातात गोफण, जवळ पत्र्याचा डबा व कंदील एवढ्यावर राखण होत असे. त्या माळ्याने आम्हाला अनेक वर्षे साथ दिली. त्याची अडचण एकच होती, ती म्हणजे तो जागचा हलत नसे. डुकरांना माळ्यावरच्या माणसाचा अंदाज चार-पाच रात्रींत येतो आणि मग ती नेमकी त्याच्या पाठीमागच्या बांधाकडून शिरतात. जमिनीवर खाट टाकून बसण्याचा पर्याय बिबट्याच्या वावरामुळे आमच्या भागात उरलेला नाही. म्हणून जिथे गरज असेल त्या बांधावरच्या झाडावर बांधता येईल आणि हंगाम संपल्यावर सोडून घरी नेता येईल अशी बैठक मी दोन वर्षे शोधत होतो.

या शोधाला निमित्त झाले ते माझ्याच पडण्याचे. दोन वर्षांपूर्वी पहाटे माळ्यावरून उतरताना मी बांबूच्या शिडीच्या वरच्या पायरीवर डावा पाय ठेवला आणि दुसरा पाय माळ्यावरून उचलला. शिडी वरच्या टोकाला बांधलेली नव्हती. दवाने ओल्या झालेल्या मातीत तिचा बुडखा सरकला आणि मी सात-आठ फुटांवरून डाव्या हातावर आदळलो. मनगटाचे हाड मोडले आणि दीड महिना हात प्लास्टरमध्ये होता. नंतर अंथरुणावर पडल्या पडल्या मी पुन्हा पुन्हा विचार केला तेव्हा ध्यानात आले की माळ्यावर बसलेला असताना मी कधीच पडलो नव्हतो, आणि रात्रभर पेंगत असतानाही पडलो नव्हतो. पडलो तो एका आधारावरून दुसऱ्या आधारावर जाण्याच्या त्या एका क्षणात.

माझा भाचा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात नोकरीला आहे आणि तिथल्या मित्रांबरोबर तो धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीला जातो. तिथे सप्टेंबरच्या मध्यापासून त्याचा हंगाम सुरू होतो आणि परवाना काढून ही शिकार कायदेशीरपणे करता येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चित्र वेगळे आहे. रानडूक असो वा रोही, पिकात शिरले म्हणून आपल्या मनाने त्याला मारता येत नाही आणि मलाही ते करायचे नाही. मला फक्त पीक वाचवायचे आहे. परंतु धनुष्याने शिकार करणाऱ्या माणसाला जनावर अगदी जवळ, वीस-पंचवीस मीटरच्या आत यावे लागते. त्यामुळे झाडावर तासन्‌तास स्थिर आणि निःशब्द कसे बसावे, याचा जितका बारीक विचार त्या मंडळींनी केला आहे तितका मला दुसरीकडे कुठे आढळला नाही. फोनवर मी त्याला बैठकीबद्दल विचारू लागलो तेव्हा तो म्हणाला, "मामा, बसायचं कशावर ते नंतर बघा. आधी चढायचं कसं ते ठरवा, आणि त्याच्याही आधी अंगाला काय बांधायचं ते ठरवा." हाच क्रम मी पुढे पाळला आणि इथेही त्याच्या जवळपास राहून लिहितो.

त्यांच्याकडे या बैठकांचे ढोबळमानाने चार प्रकार आहेत. पहिला शिडीसकट येणारा. तो चढायला सोपा असला तरी इतका जड असतो की उभा करायला दोन-तीन माणसे लागतात, म्हणजे तो आपल्या माळ्यासारखा एकाच जागेचा होतो. दुसरा स्वतःच खोडावर सरकत चढणारा. त्याला सरळ आणि बिनफांदीचे खोड लागते, आणि आमच्या बांधांवर सागवान किंवा निलगिरी सोडली तर असे झाड सापडत नाही. तिसऱ्या प्रकाराला ते सॅडल म्हणतात. त्यात माणूस कापडी झोळीसारख्या पट्ट्यात बसून दोराच्या आधाराने झाडापासून मागे रेलतो. वजनाला हे सर्वांत हलके असते, पण चार तासांच्या शिकारीला जे चालते ते रात्रभराच्या राखणीला चालेलच असे नाही, आणि माझ्या कमरेला तर ते मुळीच मानवले नसते. राहिला चौथा प्रकार, म्हणजे पट्ट्याने खोडाला लटकवायची छोटी बैठक आणि तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी तुकड्या-तुकड्यांनी बांधायच्या चढकाठ्या, ज्यांना क्लाइंबिंग स्टिक म्हणतात. कडुनिंबासारख्या, मध्येच एखादी फांदी फुटलेल्या आणि जरा वाकड्या खोडालाही या काठ्या जमतात, कारण फांदीच्या खाली एक आणि वर दुसरी अशी सोयीने बांधता येते.

चढकाठी म्हणजे एक उभी नळी, तिला दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि मागे खोडाला घट्ट बसणारे व्ही आकाराचे कंगोरे. बाजारात मिळणाऱ्या काठ्या साधारण ५० ते ८० सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि चार काठ्यांत माणूस पंधरा ते वीस फूट चढतो. लांब काठी घेतली तर काठ्या कमी लागतात पण वाहून नेताना त्या झुडपांत अडकतात. आखूड काठी पाठीवर छान बसते, मात्र दोन काठ्यांमधले अंतर वाढवण्याचा मोह होतो. हे अंतर आपल्या गुडघ्यावरून ठरवावे. जमिनीवर उभे राहून पाय सहज जितका उचलला जातो, त्यापेक्षा थोडे कमीच ठेवावे, कारण उतरताना अंधारात खालची पायरी पायाने चाचपावी लागते आणि चढताना सोपे वाटणारे अंतर उतरताना फार मोठे वाटते. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सरकारी जमिनीवरील झाडांना खिळे वा स्क्रू ठोकायला मनाई आहे, त्यामुळे बहुतेक काठ्या पट्ट्याने किंवा दोराने बांधायच्याच असतात. आपणही बांधावरच्या निंबाला खिळे ठोकू नयेत. झाडाला इजा होते ती वेगळीच, पण खिळा सैल झाल्याचे वरून दिसतही नाही.

काठ्या मी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात बनवून घेतल्या. कारागीर ओळखीचा आणि हाताने कसबी आहे. तो म्हणाला, "भाऊ, ॲल्युमिनियमचं करू या, निम्म्यात हलकं होईल." मलाही क्षणभर तसेच वाटले होते. परंतु चांगल्या काठ्यांना वापरतात ते ॲल्युमिनियम उष्णतेची प्रक्रिया करून कडक केलेले असते आणि वेल्डिंगच्या आचेने सांध्याजवळचा तो कडकपणा मोठ्या प्रमाणात निघून जातो. कारखान्यात सांध्याची रचना त्या हिशेबाने केलेली असते किंवा सांधा न जोडता भाग ओतीव वा बोल्टचे करतात. आपल्याकडच्या दुकानात तो हिशेब होत नाही. लोखंडाचा सांधा मात्र नेहमीच्या कारागिराच्या हातचाही भरवशाचा असतो. म्हणून २५ मिलिमीटरचा चौकोनी, दोन मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला, ७५ सेंटिमीटरचा एकेक तुकडा केला आणि पायरी खोडापासून चार बोटे पुढे राहील असे कंगोरे लावले, म्हणजे बुटाचा चवडा खोडाला न अडखळता पूर्ण टेकतो. एक काठी पावणेदोन-दोन किलोची झाली. बाहेरची काठी साधारण एक किलोची असते, तेव्हा चार काठ्यांमागे तीन-चार किलोचा बोजा वाढला. घरापासून शेत पंधरा मिनिटांवर आहे, तेवढा मी आनंदाने वाहतो. वापरण्यापूर्वी प्रत्येक काठी जमिनीपासून हातभर उंचीवर निंबाला बांधून तिच्या पायऱ्यांवर सिमेंटची ५० किलोची तीन पोती रात्रभर टांगून ठेवली, कारण तिकडच्या बैठकांवर बहुधा ३०० पौंड, म्हणजे १३६ किलो इतकी क्षमता लिहिलेली असते. सकाळी एका काठीचा एक सांधा केसभर उमललेला दिसला. ती काठी मी परत केली, दुरुस्त करून वापरली नाही.

बांधायच्या पट्ट्यांविषयी आपल्याकडे फार निष्काळजीपणा आहे. शेतात सर्रास मिळणारी निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी ही बहुधा पॉलीप्रॉपिलीनची असते. मराठवाड्याच्या उन्हात ती एका हंगामात खरबरीत होऊन तिची कुसे निघू लागतात. नायलॉन मजबूत असले तरी ओले झाल्यावर ताणले जाते, म्हणजे संध्याकाळी घट्ट बसवलेली काठी पावसानंतर खोडावर हलू लागते. पॉलिएस्टरचे पट्टे कमी ताणतात आणि ऊनही बऱ्यापैकी सोसतात, म्हणून मी मालट्रकला वापरतात त्या जातीचे, दाताच्या बकलचे पट्टे घेतले आणि प्रत्येकावर घेतल्याची तारीख पक्क्या शाईने लिहिली. हंगाम संपताच ते सोडायचेच. झाड जाडावते, पट्टा आतून ताणला जातो आणि पुढच्या वर्षी तो वरून धडधाकट दिसला तरी त्याचा जीव गेलेला असतो.

आता हार्नेस, म्हणजे पडलो तर धरून ठेवणारे अंगाला बांधायचे पट्टे. सगळ्यात जास्त पैसे इथे घालावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. नुसता कमरेचा पट्टा कामाचा नाही. पडल्यावर तो बरगड्यांखाली सरकतो आणि श्वास कोंडतो. खांदे, छाती आणि मांड्या अशा सगळीकडून धरणारा फुल बॉडी हार्नेस वाळूजच्या औद्योगिक वसाहतीजवळ सुरक्षा-साहित्याच्या दुकानांत मिळतो. त्यावर आयएस ३५२१ (भारतीय मानक) किंवा ईएन ३६१ (युरोपीय मानक) असा उल्लेख पाहून घ्यावा. मात्र त्याच्याबरोबर दुकानदार जो धक्का शोषणारा पावणेदोन-दोन मीटरचा दोर देतो, तो झाडावर वापरू नये. तो उंच इमारतींसाठी असतो. पडल्यावर आधी त्याची पूर्ण लांबी सुटते, मग शोषक उलगडतो, त्याखाली आपली स्वतःची उंची, आणि या साऱ्याला मिळून खाली सुमारे सहा मीटर मोकळी जागा लागते. माझी बैठक साडेचार मीटरवर आहे. शोषक पूर्ण उलगडण्याआधीच मी जमिनीवर आदळू शकतो.

त्याऐवजी झाडावर असा आखूड दोर हवा की बसल्यावर त्यात ढील जवळजवळ राहू नये. भाच्याने शिकवलेली पद्धत अशी आहे. बैठकीच्या वर, डोक्याहून उंच, खोडाला अकरा मिलिमीटरचा, न ताणणारा गिर्यारोहणाचा दोर पक्का बांधायचा आणि त्याचे दुसरे टोक खोडाच्या बुडाशी बांधायचे. या दोरावर आठ मिलिमीटरच्या दोरीची प्रुसिक गाठ मारायची आणि त्या दोरीला हार्नेस अडकवायचा. ऑस्ट्रियाचे गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये ही गाठ प्रसिद्धीला आणली. हाताने सरकवली तर ती सरकते आणि वजन पडताच आवळते. चढताना ती आपल्याबरोबर वर न्यायची. म्हणजे पाय जमीन सोडतात तेव्हापासून पुन्हा जमिनीला टेकेपर्यंत माणूस एक क्षणही मोकळा नसतो. माझे मनगट ज्या क्षणी मोडले, नेमका तो क्षण ही गाठ सांभाळते. पहिल्या दिवशी हा दोर वर बांधायला जाताना मात्र वायरमन खांबावर कमरेभोवती टाकतो तसा पट्टा खोडाला टाकून, हार्नेसला दोन्ही बाजूंनी अडकवून चढावे लागते. हार्नेसला मी पाय ठेवण्यापुरता एक दोरीचा फासही जोडून ठेवला आहे. हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळत राहिले तर मांड्यांतले रक्त अडते आणि काही मिनिटांतच शुद्ध हरपू शकते. फासात पाय देऊन उभे राहिले की तो ताण उतरतो.

बैठक स्वतः भाच्याने सामानातून आणलेली, पाच किलोची ॲल्युमिनियमची आहे. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाय ठेवायची फळी खोडाला काटकोनात आणि किंचित वर उचललेली बसवावी, कारण वजन पडताच ती थोडी खाली दबते. महत्त्वाची गोष्ट म्हणजे शेवटची काठी बैठकीच्या फळीपेक्षा उंच जायला हवी, म्हणजे बैठकीवर चढून न जाता तिच्यावर उतरून जाता येते. उंची किती असावी, हे शिकारी आणि राखणदार यांचे वेगळे असते. शिकाऱ्याला हरणाच्या नजरेतून आणि वाऱ्यातून निसटायचे असते. मला रानडुकराला माझा वास आला तरी हरकत नाही, उलट बरेच आहे. मला फक्त सात-आठ फुटी मक्याच्या तुऱ्यांवरून पलीकडचा बांध दिसला पाहिजे, आणि त्याला पंधरा फूट पुरतात.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी त्यांचेच ऐकले. काठ्यांच्या पायऱ्यांवर आणि बकलांवर सायकलची जुनी ट्यूब कापून घट्ट गुंडाळली, कारण मक्याची ताटे मोडल्याचा पहिला कडकड आवाज ऐकायचा असेल तर आपल्या खालून लोखंडाचा आवाज येऊन चालत नाही. बॅटरी, पाणी आणि डबा पिशवीत घालून दोरीने मागाहून ओढून घेतो. चढताना दोन्ही हात मोकळे हवेत.

झाड निवडताना मी कुऱ्हाडीच्या तुंब्याने खोड ठोकून पाहतो. वाळवी लागलेला निंब पोकळ वाजतो. शेवगा आणि पांगारा यांच्या लाकडाचा भरवसा नाही. बाभूळ चिवट असली तरी वाकडी आणि काटेरी. चिंच उत्तम, पण तिच्या बुंध्याला पट्टा पुरत नाही. आणि परतीच्या पावसात आभाळात गडगड ऐकू आली की मक्याचे काय होईल याचा विचार न करता खाली उतरून घर गाठायचे. वीज लोखंड बघून येत नाही, तिला उंच झाड पुरते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचे, विजेचा इशारा देणारे दामिनी ॲप मी फोनवर चालू ठेवतो. मागच्या हंगामात दोनदा मध्यरात्री उतरलो, त्यातल्या एका रात्री डुकरांनी चार सऱ्या आडव्या केल्या.

यंदा ओढ्याकडच्या निंबावर बैठक बांधली आहे. डोंगराकडच्या निंबाला पहिली फांदी बारा फुटांवर फुटते आणि ती नेमकी चौथ्या काठीच्या आड येते, म्हणून तिथे पाचवी, आखूड काठी लागणार आहे. पाइप आणून ठेवला आहे. पोळ्यापूर्वी ती करून घेऊन तिलाही पोती टांगायची आहेत.