मामांचा मका आणि कोळशाची गाडी

इथे मोझांबिकमध्ये वयाने मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात. सुरुवातीला मला हसू यायचं. आता आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना मीही मामाच म्हणतो. पहिलं वर्ष आम्ही चावी, बादली आणि बटाटा या तीन शब्दांवर काढलं. हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच, पोर्तुगीजांची कृपा!

मामांचं घर बेइरा या बंदराच्या शहराबाहेर, दोंदोजवळ, रुळांच्या कडेला. मोआतिझेच्या खाणींतला कोळसा याच रुळांवरून बंदरात येतो. मामांच्या चुलीत मात्र लाकडी कोळसा, कारण घरात वीज नाही. झांबेझी नदीवर काहोरा बासाचं अवाढव्य धरण आहे, पण तिथली बरीचशी वीज दक्षिण आफ्रिकेला विकली जाते.

14 मार्च 2019 च्या रात्री इदाई वादळ आलं. आमच्या सिमेंटच्या इमारतीच्या काचा फुटल्या, एवढंच. मामांचं छप्पर मात्र कुठे गेलं ते सापडलंच नाही. वारा दोघांकडे एकच होता, म्हणून 'निसर्गाचा कोप' म्हटलं की मला राग येतो. देशात 600 हून जास्त माणसं गेली. आपल्या नौदलाची जहाजं मदतीला आली तेव्हा ऊर भरून आला, हेही खरं.

पुंग्वे नदीकाठच्या मामांच्या माशांबात, म्हणजे शेताच्या तुकड्यात, मका काढणीला आला होता. पाणी ओसरल्यावर त्या उरलीसुरली कणसं घेऊन आल्या. दाण्यांना मोड आलेले, वास आंबूस. आमच्या गच्चीत पत्र्यावर वाळवून, उखळात कांडून त्यांनी त्याचा शिमा केला. शिमा म्हणजे आपल्या उकडीसारखा घट्ट गोळा. मी ताट पुढे केलं तर हातानेच अडवलं, "तुम्ही नका खाऊ."

सहा आठवड्यांतच दुसरं वादळ, केनेथ, उत्तरेला काबो देल्गादोवर आदळलं. गॅस आणि माणकं निघतात तोच प्रांत.

मामांच्या घरावर पत्रे चढायच्या आधी कोळशाच्या गाड्या सुरू झाल्या. एकदा मी विचारलं, रुळांवर सांडलेला कोळसा वेचत नाही का?

"तो लवकर पेटत नाही हो," त्या म्हणाल्या, "आणि धूर किती!"

मग लाकडी कोळशाच्या पोत्यासाठी पगारातून उचल मागितली.