लोणी का येत नाही?

मे महिन्यातल्या एका दुपारी साठवलेल्या सायीचे विरजण घुसळायला घेतले आणि लोणी काही येईना. मिक्सर तापला, भांड्यात नुसता फेस चढला, बर्फाचे खडे घालून झाले, तरी लोण्याचा पत्ता नाही. अशा वेळी माणसाला कोणावर तरी संशय घ्यावासा वाटतो. आमची आजी तो नेमाने घेत असे. माजघरातल्या खांबाला अडकवलेली रवी, दोरीबरोबर मागेपुढे होणारी आजीची मनगटे आणि डेऱ्याच्या काठाशी टपून बसलेले आम्ही. एखाद्या दिवशी लोणी रुसले की आजी आधी आमच्याकडे, मग नुकत्याच येऊन गेलेल्या शेजारणीच्या रिकाम्या पाटाकडे पाही आणि उठून मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकी. त्यानंतर ती थंडीच्या दिवसांत डेऱ्यात कोमट पाणी ओती आणि उन्हाळ्यात माठातले गार. लोणी यायचे. ते कशाने आले हे विचारण्याची घरात कोणाची छाती नव्हती.

त्या दुपारी मात्र मला आजीच्याही आधी इंग्लंडातला एक दूधवाला आठवला. इंग्रज लेखक थॉमस हार्डीच्या १८९१ सालच्या ‘टेस’ या कादंबरीत फ्रूम नदीच्या खोऱ्यात क्रिक नावाच्या गृहस्थाची डेअरी आहे. तिथले घुसळणीचे मोठे पिंप घोड्याच्या बळावर फिरते. एके दिवशी ते फिरत राहते आणि लोणी येत नाही. सगळे हवालदिल होऊन उभे असतात, आणि बाहेर गोल फिरणारा घोडासुद्धा दर फेरीला खिडकीतून निराशेने आत डोकावतो. क्रिक म्हणतो की आता एग्डनमधल्या देवऋषी ट्रेंडलच्या मुलाकडे जावे लागणार. त्या माणसावर आपला काडीचाही विश्वास नाही हे आपण पन्नासदा सांगितले आहे, असेही तो त्याच दमात सांगतो. पण तो अजून जिवंत असेल तर जायचे, हे ठरलेले. मग क्रिकची बायको हळूच सुचवते, घरात कोणी प्रेमात तर पडले नसेल ना? तिच्या लहानपणी तिने तसे ऐकलेले असते.

आता मौज अशी, की त्या डेअरीत धारा काढणाऱ्या चार मुली एकाच तरुणावर, एंजल क्लेअरवर, जीव टाकून बसलेल्या असतात किंवा बसण्याच्या बेतात असतात. एवढ्या प्रेमात लोणी कधी ना कधी येत होते याचेच नवल करायला हवे. क्रिकला ते ठाऊक नाही. तो एका फसव्या पोराची गोष्ट रंगवून सांगतो: फसवलेल्या मुलीची आई छत्री घेऊन आली, पोरगा घुसळणीच्या पिंपात लपला आणि बाईने पिंपच फिरवायला घेतले. सारे हसतात. त्या चौघींतलीच एक, कादंबरीची नायिका टेस, तेवढी पांढरी पडून दाराबाहेर जाते, कारण तिची स्वतःची गोष्ट तीच आहे आणि तिच्या वाट्याला छत्री घेऊन येणारे कोणी नव्हते. तेवढ्यात पिंपातला आवाज बदलतो. लोणी येऊ लागते.

याच डेअरीत पुढे लोण्याला उग्र वास येतो. गिऱ्हाईक तक्रार करते, क्रिक चव घेतो आणि ओरडतो, लसूण! पूर्वी एकदा असेच झाले होते तेव्हा त्याला ती चव ओळखता आली नव्हती आणि लोण्यावर कोणीतरी करणी केली असे त्याने मानले होते. या वेळी मात्र सगळे ओळीने वाकून कुरणाची इंच इंच पाहणी करतात आणि रानलसणाचे कोंब शोधून काढतात. त्या ओळीत एंजल आणि टेस शेजारीशेजारी असतात हे सांगायला नकोच. लसणाचा शोध लागला. त्या दोघांचे काय होणार याचा कुरण धुंडाळून शोध लागणारा नव्हता.

आम्हाला महाविद्यालयात हार्डी म्हणजे नियती, एवढे एकच समीकरण घोटून घोटून शिकवले होते. परीक्षेत प्रश्न कोणताही आला तरी उत्तरात नियतीचा क्रूर हात आणला की भागत असे. त्या हाताचा मला तेव्हापासून कंटाळा आहे. डॉर्सेटच्या खेड्यात १८४० साली एका गवंड्याच्या घरी जन्मलेला, डार्विन वाचून श्रद्धा गमावलेला हा लेखक आपल्या माणसांच्या शकुनांना हसत नाही, याचे कारण मला निराळे वाटते. त्याची माणसे मुळात अडाणी नसतात, उतावीळ असतात. आभाळ, जनावरे आणि पिके यांच्या खुणा वाचण्यात त्यांचा जन्म गेलेला असतो, आणि जिथे खुणा नसतात तिथेही त्यांना वाचायची सवय सोडवत नाही.

‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ या १८७४ सालच्या कादंबरीत गॅब्रिएल ओक रात्रीच्या अंधारात चालताना पायाखाली एक मोठा बेडूक येतो. घरी गेल्यावर टेबलावर गोगलगाईची चकचकीत रेघ दिसते, आढ्यावरून दोन काळे कोळी खाली उतरतात. शेवटी तो मेंढ्यांकडे जाऊन उभा राहतो. त्या सगळ्या एका दिशेला शेपट्या करून दाटीने उभ्या असतात. वादळ कुठून येणार हे त्याला कळते. मालकिणीच्या, म्हणजे बाथशीबाच्या, गव्हाच्या आणि बार्लीच्या आठ गंजी उघड्यावर आहेत, साडेसातशे पौंडांचे धान्य. तिचा नवरा गड्यांना दारू पाजून स्वतःही झोपलेला. ओक एकटा विजांच्या कडकडाटात गंजी झाकायला चढतो, आणि थोड्या वेळाने ती मदतीला येते. इंग्रजी साहित्यात प्रेमाचे याहून सुंदर प्रकरण असेलही; मला ते वाचावेसे वाटलेले नाही.

पण याच बाथशीबाने आधी एका रविवारच्या दुपारी बायबलवर किल्ली ठेवून कौल लावलेला असतो. त्या पानावर गंजाचा डाग आहे, म्हणजे असा कौल लावणारी ती पहिली नव्हे. किल्ली फिरते. मग थट्टेथट्टेत प्रेमपत्र कोणाला पाठवायचे हे ठरवायला स्तोत्रांचे पुस्तक हवेत उडवले जाते, ते मिटलेले खाली पडते आणि पत्र शेजारच्या प्रौढ बोल्डवुडकडे जाते. त्यातून पुढे एक खून होतो. पुस्तक बिचारे पडले, एवढेच. उत्तर वाचायची घाई त्या मुलीला होती.

‘द मेयर ऑफ कॅस्टरब्रिज’मधला हेंचर्ड तर धंद्यात आणि प्रेमात एकाच तरुणाशी स्पर्धा करताना इतका टेकीला येतो, की दातदुखी असल्यासारखा तोंडाला रुमाल बांधून, ओळखू येऊ नये म्हणून रात्री हवामान सांगणाऱ्या भविष्यवेत्त्याकडे जातो. सुगीत पाऊस येणार असे तो सांगतो. हेंचर्ड भरमसाट धान्य विकत घेतो. ऊन पडते, भाव कोसळतात, हेंचर्ड घाबरून सगळे तोट्यात विकून टाकतो, आणि मग पाऊस येतो. भविष्य खोटे ठरले नाही. चार दिवस कळ काढली असती तर तो तरला असता.

‘वुडलँडर्स’मधल्या म्हाताऱ्या जॉन साउथला वाटते की घरासमोरचे एल्मचे झाड आपला जीव घेणार. डॉक्टर शास्त्रीय उपाय म्हणून झाड तोडायला लावतो. सकाळी खिडकीतून ती मोकळी जागा बघून म्हातारा हबकून मरतो. ग्रेसवर जीव असलेल्या बिचाऱ्या जाइल्सची घरे ज्या भाडेपट्ट्यावर होती त्याची मुदत म्हाताऱ्याच्या आयुष्यापुरतीच असल्यामुळे घरे जातात, आणि घरांबरोबर त्याची ग्रेसही जाते. इथे अंधश्रद्धा, वैद्यक आणि कायदा या तिघांनी मिळून एका प्रेमाचे वाटोळे केले. त्यांतले सर्वांत अडाणी कोण, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

‘टेस’मध्ये वर्षाच्या शेवटच्या दिवशी टेस आणि एंजलचे लग्न लागते आणि नवे जोडपे निघताना भर दुपारी पांढरा कोंबडा कुंपणावर बसून तीनदा आरवतो. सगळ्यांचे चेहरे पडतात. क्रिक कोंबड्याला हुसकतो आणि त्याची बायको त्याला समजावते, की याचा अर्थ हवा बदलणार एवढाच, तुम्हाला वाटते तो नव्हे. त्या संध्याकाळी मुक्कामाच्या घराबाहेर वारा सुटतो, पाऊस लागतो, आणि एंजल क्लेअर सहज म्हणून जातो, की हवा बदलणार हे त्या कोंबड्याला कळले होते. थोड्या वेळाने टेस त्याला आपली सगळी हकिकत सांगते. क्रिकबाई बरोबर होती आणि क्रिकही बरोबर होता. कोंबड्याला यांपैकी नेमके काय म्हणायचे होते, ते हार्डीने सांगितलेले नाही.